पन्हाळा–मसाई की रांगणा : दोघांनी एका दिवसात कोणती वाट धरावी?

कोल्हापुरातून पहाटे निघून रात्रीच्या जेवणाला घरी परतता येईल अशा डोंगरवाटा पुष्कळ आहेत. परंतु एखाद्या जोडप्याने दिवसभर चालायचेच असे ठरवले, की चर्चा बहुधा दोन नावांवर येऊन अडते. पहिली वाट पन्हाळगडाच्या राजदिंडी या छोट्या दरवाजातून उतरून, मसाई पठार ओलांडून खोतवाडीकडे जाणारी. दुसरी भुदरगड तालुक्यातील भटवाडीहून रांगणा किल्ल्यावर जाऊन त्याच पावली परत येणारी. आम्ही पतीपत्नी या दोन्ही वाटा वेगवेगळ्या ऋतूंत चाललो आहोत, आणि ओळखीतले कोणी विचारले की आमच्या दोघांची उत्तरे आजही वेगळी येतात.

दोन्ही ठिकाणी पायाखाली असते ती ज्वालामुखीचीच भूमी. मात्र चित्रात दिसतो तसा शंकूच्या आकाराचा डोंगर किंवा धुमसणारे विवर येथे शोधू नये. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहत आला, थरावर थर साचला आणि त्यातून दख्खनचे पठार घडले. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या पायऱ्या दुरूनही मोजता येतात, त्या या थरांच्याच कडा होत. पुढे लाखो वर्षांच्या ऊनपावसाने वरच्या काळ्या कातळातील बरेचसे घटक धुऊन गेले, लोह आणि ॲल्युमिनियम तेवढे मागे उरले आणि डोंगरमाथ्यांवर जांभ्या दगडाचे टोपण तयार झाले. कोल्हापूर जिल्ह्यात बॉक्साइट सापडते तेही याच प्रक्रियेमुळे. हा तपशील येथे देण्याचे कारण असे, की दोन वाटांमधील फरक बराचसा या दगडातून आलेला आहे.

मसाई हे जांभ्याचे सपाट आणि उघडे पठार आहे. मातीचा थर इतका पातळ की झाड फारसे धरत नाही, त्यामुळे सावली नाही. पावसाळ्यात मात्र त्याच उघड्या कातळावर जागोजागी पाणी साचते आणि सप्टेंबरमध्ये त्या उथळ पाण्याच्या काठाने सीतेची आसवे, गेंद, सोनकी आणि तेरडा फुलतो. एकदा माझी पत्नी चालता चालता मधेच उकिडवी बसली आणि तिने मला हाक मारून दाखवले : गुराच्या खुराने झालेल्या, तळहाताएवढ्या खळग्यात बोटभर पाणी होते आणि त्यात सीतेच्या आसवांची सात निळी-जांभळी फुले उभी होती. ही वनस्पती सूक्ष्म किडे पकडून पोषण मिळवते, कारण या दगडावरच्या पातळ मातीत पोषक द्रव्ये फार कमी असतात. उभ्या माणसाला हे दिसत नाही. म्हणून मसाईवर चालण्याचा वेग कमी ठेवावा आणि अंतराचा हिशेब मनातून काढून टाकावा, असे मी सुचवीन.

या वाटेचा इतिहास कोल्हापूरकरांना सांगण्याची गरज नाही. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज जुलै 1660 मध्ये निसटले ते याच बाजूने, आणि पुढे घोडखिंडीत बाजीप्रभूंनी शर्थ केल्यावर तिला पावनखिंड हे नाव मिळाले. येथे एक स्पष्ट करायला हवे. पन्हाळा ते पावनखिंड हा संपूर्ण पल्ला म्हणजे सर्वसाधारण जोडप्याचे एका दिवसाचे काम नव्हे; जुलैत या वाटेने निघणाऱ्या पदभ्रमण मोहिमाही वाटेत मुक्काम करतात. एका दिवसासाठी राजदिंडी, तुरुकवाडी, म्हाळुंगे, मसाईदेवीचे मंदिर, पुढे पठाराचे टप्पे आणि कुंभारवाडीवरून खोतवाडी एवढेच ठेवावे. रेंगाळत, जेवून आणि फुले पाहत आम्हाला साडेसात तास लागले.

रांगण्याची गोष्ट निराळी आहे. हा किल्ला सह्याद्रीच्या मुख्य रांगेच्या अगदी पश्चिम कडेला, एका अरुंद खिंडीने रांगेपासून सुटा झालेला उभा आहे. गारगोटी, कडगाव आणि मधाचे गाव म्हणून ओळखले जाणारे, मौनी महाराजांच्या मठाचे पाटगाव ओलांडून भटवाडीला पोहोचेपर्यंतच दोन-अडीच तास जातात. तेथून किल्ल्याअलीकडच्या चिक्केवाडीकडे जाणारा रस्ता दाट रानातून, ओढे ओलांडत जातो; गव्यांचा वावर आहे, मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही आणि वळणापलीकडे काय आहे हे कळत नाही. वाटेतील एका ओढ्यात मी धोंड्यावर बसून बूट काढत होतो, तेव्हा त्या काळ्या दगडात वाटाण्याएवढी पांढरी भोके बुजवल्यासारखी दिसली. लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूचे बुडबुडे पुढे पांढऱ्या खनिजाने भरून निघतात, त्यांतलाच तो प्रकार. असल्या पोकळ्यांत सापडणाऱ्या पांढऱ्या, चमकदार खड्यांना आपण गारगोटी म्हणतो, आणि सकाळी आपण चहा प्यायलो त्या गावाचे नावही तेच, हा योगायोग ओढ्यात बसूनच लक्षात आला.

किल्ल्यावर रांगणाईचे मंदिर, तलाव आणि एकामागून एक दरवाजे आहेत. परंतु श्रमाचे चीज होते ते पश्चिमेच्या कड्यावर. मसाईवर जमीन हळूहळू पायऱ्या उतरत जाते. येथे ती एकदम संपते आणि खाली कोकण पसरलेले असते. लाव्हाच्या थरांची कापलेली बाजू पाहायची असेल तर मसाईपेक्षा रांगणा कैक पटींनी उजवा आहे, यात मला शंका नाही.

आता दोघांनी चालण्याचा प्रश्न, जो ठरवताना बहुतेक जण विचारातच घेत नाहीत. मसाईवर शेजारी शेजारी चालता येते. पठार रुंद आहे, वाट एकच नाही, त्यामुळे बोलणे तासन् तास चालते आणि एकाचा वेग कमी पडला तरी ते दुसऱ्याला जाणवत नाही. रांगण्याच्या अरुंद टप्प्यांवर मात्र मागेपुढेच चालावे लागते; पुढच्याने वेग धरला की मागचा मुकाट्याने ओढला जातो आणि त्याचा गुडघा दुखतो आहे हे पुढच्याला कळते तेव्हा उशीर झालेला असतो. आमच्या पहिल्या रांगणा फेरीत नेमके हेच झाले. मी पुढे होतो. परतीच्या उतारावर पत्नीने फक्त, "अहो, जरा थांबा," एवढेच म्हटले, आणि ती तासाभरापासून लंगडत असल्याचे मला तेव्हा समजले. त्या दिवसापासून रानवाटेवर ती पुढे आणि मी मागे, असा नियम आहे.

माघारीचा विचार केला तर चित्र थोडे उलटे होते. मसाईच्या वाटेवर पन्हाळ्यापासून मंदिरापर्यंत केव्हाही मागे फिरता येते आणि पन्हाळ्यावर कोल्हापूरची एसटी व गरम झुणका-भाकर दोन्ही मिळते. परंतु पठार ओलांडून खोतवाडीकडे उतरलात, की घरी नेणारे वाहन आधी ठरवलेले असले पाहिजे. आम्ही एकदा ज्या जीपवाल्याला सांगून ठेवले होते तो आलाच नाही. शेवटी दुधाच्या गाडीने आम्हाला मुख्य रस्त्याला सोडले, तोवर अंधार झाला होता. रांगण्याला गाडी भटवाडीत आपली वाट पाहत उभी असते, ही मोठी सोय आहे. मात्र जितके आत गेलात तितकेच पुन्हा चालून यावे लागते, हे अर्ध्या वाटेवर दमलेल्या माणसाला फार उशिरा आठवते. कोरड्या दिवसांत उंच चाकांची गाडी चिक्केवाडीच्या बरीच जवळ जाते, पण मग ती दिवसभराची चाल राहत नाही.

ऋतूबाबत थोडक्यात सांगता येईल. मार्चनंतर मसाईवर जाऊ नये. दहा वाजल्यापासून जांभा तापतो आणि डोके झाकायला टोपीखेरीज काही नसते. त्याच दिवसांत रांगण्याचे रान मात्र सुसह्य असते. भर पावसाळ्यात दोन्हीकडे धोका आहे, पण प्रकार निराळा : रांगण्याला ओढे चढतात आणि परतीची वाट बंद होऊ शकते, मसाईवर धुके उतरले की सगळ्या दिशा सारख्याच दिसतात, आणि विजा चमकत असताना त्या उघड्यावर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो. धुक्यात गावातील एखादा माणूस सोबत घ्यावा. मसाईचे पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. गाडी फुलांवर घालणाऱ्या हौशी मंडळींनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

माझे मत विचाराल तर, दोघांपैकी एकाला दिवसभर चालण्याची सवय नसेल तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातील मसाई निवडावी, आणि तीही शनिवार-रविवार सोडून. पत्नीचे मत याच्या विरुद्ध आहे : उन्हात उघड्यावर चालण्यापेक्षा नवख्या माणसाला झाडांखालचे चार तास अधिक मानवतात आणि कड्यावर पोहोचल्याचा आनंद त्याला पुढच्या वेळी पुन्हा घराबाहेर काढतो, असे ती म्हणते. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीपुरते. रांगणा ठरलाच, तर सकाळी सातच्या आत गारगोटी मागे टाकावी, माणशी तीन लिटर पाणी घ्यावे, आणि दुपारी दीड वाजता जिथे असाल तिथून, किल्ल्याचा दरवाजा समोर दिसत असला तरी, मागे फिरावे.