ब्रिंग अ ट्रेलरवर एस२००० घेतली आणि चार वर्षांनी तिथंच विकली: दोन्ही बाजूंचा अनुभव

२०१९ च्या मार्चमध्ये मी ब्रिंग अ ट्रेलर या गाड्यांच्या ऑनलाइन लिलावाच्या साइटवरून २००३ ची होंडा एस२००० घेतली आणि २०२३ च्या मे मध्ये तीच गाडी तिथंच विकली, त्यामुळे घेणारी म्हणून आणि विकणारी म्हणून दोन्हीकडून ही साइट बघून झालीय. आम्ही न्यू जर्सीत राहतो, इथल्या आपल्या लोकांत जुन्या स्पोर्ट्स कारची हौस असलेले बरेच जण आहेत पण ऑनलाइन लिलाव म्हटलं की सगळे घाबरतात, न बघता गाडी कशी घ्यायची म्हणतात. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी थोडं साइटबद्दल. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हा नुसता ब्लॉग म्हणून सुरू झाला, दुसरीकडे विकायला लागलेल्या भारी भारी जुन्या गाड्या शोधून दाखवायचे, नावाचा अर्थ पण तोच की गाडी चालत नाही, येताना ट्रेलर घेऊन या. स्वतःचे लिलाव २०१४ पासून. २०२० मध्ये हर्स्ट कंपनीनं विकत घेतली. लोक प्रेमानं बॅट म्हणतात.

माझे बाबा कोल्हापुरात उद्यमनगरला गॅरेज चालवायचे, मी त्या ग्रीसच्या वासातच वाढले. एस२००० चं वेड कॉलेजपासूनचं. दोन लिटरचं इंजिन, टर्बो नाही काही नाही, आणि २४० हॉर्सपॉवर, ९,००० आरपीएमला रेडलाइन (म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा), सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स, ऑटोमॅटिक कधी आलीच नाही. होंडाचे इंजिनीअर शिगेरू उएहारा, ज्यांनी एनएसएक्स ही सुपरकार केली, त्यांच्याच हातची ही पण गाडी. २००४ पासून अमेरिकेत इंजिन २.२ लिटरचं झालं आणि रेडलाइन ८,००० वर आली, म्हणून मला २००३ किंवा त्याआधीचीच हवी होती, आणि त्यातही २००२ पासूनची, कारण पहिल्या दोन वर्षांच्या हुडला (उघडझाप होणाऱ्या कापडी छताला) मागची काच प्लास्टिकची होती जी पिवळी पडते.

आता मुद्द्याचं. या साइटवर पैसे वसूल होतात ते लिलावामुळे नाही, लिस्टिंगखालच्या कमेंट्समुळे. सात दिवस गाडी लावलेली असते आणि त्या सात दिवसांत ती गाडी कोळून प्यायलेली माणसं येऊन फोटो अक्षरशः पिंजून काढतात. होंडा प्रत्येक पॅनेलवर, म्हणजे बॉनेट, फेंडर, दरवाजे, डिकी सगळ्यावर व्हीआयएनचा (गाडीच्या ओळख क्रमांकाचा) स्टिकर लावते, तो नसेल तर तो पॅनेल बदललाय किंवा रंगवलाय असं समजायचं, आणि बदलीच्या पॅनेलवर आर लिहिलेला वेगळा स्टिकर येतो. मी ज्या सिल्व्हर गाडीवर डोळा ठेवून होते तिच्या दुसऱ्याच दिवशी कुणीतरी विचारलं की डाव्या फेंडरवरचा स्टिकर दिसत नाहीये, फोटो टाका. मालकानं संध्याकाळपर्यंत फोटो टाकला, स्टिकर होता, फक्त पहिल्या फोटोत सावलीत गेला होता. मी सगळे फोटो बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवले होते, तर ते म्हणाले, "स्टिकर राहू दे गं, कुणी पण चिकटवंल. फेंडरचे बोल्ट बघ पोरी, त्याच्या डोक्यावरचा रंग उडालाय का, पाना लागला असंल तर कडा सोलल्याशिवाय राहत न्हाई." बोल्ट कोरे होते.

आणि मग तो व्हिडिओ. मालकानं कोल्ड स्टार्टचा, म्हणजे थंड इंजिन सुरू करतानाचा, व्हिडिओ टाकलेला, मला त्यात काही वेगळं ऐकू आलं नाही, पण खाली एकानं लिहिलं की १२ व्या सेकंदापासून टायमिंग चेन टेन्शनरचा (इंजिनातली साखळी ताणून धरणाऱ्या पार्टचा) आवाज येतोय. सायकलच्या स्पोक्समध्ये पत्ता अडकवल्यावर जसं टरटरतं तसा आवाज असतो तो, या इंजिनाचं नेहमीचं दुखणं आहे. मी हेडफोन लावून परत ऐकला, बाबांना पाठवला, त्यांनी दोन मिनिटांत तेच सांगितलं. मालकानंही खळखळ न करता मान्य केलं. पार्ट काही फार महाग नाही, पण असं काही निघालं की बोली जरा थंडावते, आणि ज्याला माहीत आहे की हे किरकोळ काम आहे त्याचा फायदा होतो. मला तो झाला.

तरी पण एक गोष्ट घोकून ठेवा, साइट गाडी तपासत नाही. गॅरंटी शून्य. कमेंट करणारे फोटो बघू शकतात, इंजिनाच्या आत नाही बघू शकत. एस२००० मध्ये कुणी चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर टाकला तर इंजिन रेडलाइनच्या पार वर फेकलं जातं आणि व्हॉल्व्हचे रिटेनर (स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या चकत्या) तडकतात, बाहेरून कळतही नाही. त्यामुळे लिलाव चालू असतानाच, संपल्यावर नाही, मी फिनिक्सच्या एका स्वतंत्र मेकॅनिककडून गाडी तपासून घेतली (गाडी ॲरिझोनाची होती आणि ते पण मुद्दाम, आमच्याकडे बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि खालून गाडी सडते). कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडरमध्ये दाब किती बनतो आणि किती गळतो) दोन्ही टेस्ट, रिटेनरची तपासणी, पेंटची जाडी. साधारण ३०० डॉलर गेले. लिलाव हरले असते तर ते पाण्यात, पण १९ हजाराची वस्तू घेताना ३०० वाचवणारा माणूस मला समजत नाही. आणि मायलेजच्या कागदावर फार विसंबू नका, २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलला दहा वर्षं झाली की विकताना ओडोमीटरचा आकडा लिहून द्यायचं बंधन राहत नाही, म्हणून जुनी सर्व्हिसची बिलं मागा, त्यावर तारीख आणि मैल दोन्ही असतात.

बोली लावताना क्रेडिट कार्डवर फीएवढी रक्कम अडकवून ठेवतात, हरलात तर सुटते. फी ५ टक्के, ती घेणाऱ्यानं द्यायची. गाडीचे पैसे साइटकडे जात नाहीत, थेट मालकाला. आणि शेवटच्या दोन मिनिटांत कुणी बोली लावली की घड्याळ परत दोन मिनिटांवर येतं, त्यामुळे शेवटच्या सेकंदाला झडप घालायची युक्ती इथं चालत नाही. मला हे फार आवडतं, ज्याला खरंच गाडी हवी आहे त्याला विचार करायला दोन मिनिटं मिळतात. तोटा एवढाच की त्या दोन मिनिटांत माणूस स्वतःशी ठरवलेला आकडा विसरतो. महिनाभर आधी एक लाल गाडी अशीच ११ मिनिटं लांबली होती, मी १८ हजारला थांबले आणि ती गेली, रात्रभर झोप नव्हती. पण थांबले ते बरोबर होतं. या वेळी २० हजार ही लक्ष्मणरेषा कागदावर लिहून ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसले, लिलाव भरदुपारी संपतात ना. १९,५०० ला माझी झाली. वर ९७५ डॉलर फी, आणि न्यू जर्सीत रजिस्टर करताना ६.६२५ टक्के टॅक्स म्हणजे आणखी साधारण १,२९०, हे बोली लावायच्या आधी हिशोबात धरा, खूप जण विसरतात.

तुलनेसाठी सांगते, मोठ्या लिलावघरांची गोष्टच निराळी. ऑगस्ट २०१८ मध्ये मॉन्टेरीला आरएम सदबीजच्या लिलावात १९६२ ची फेरारी २५० जीटीओ ४ कोटी ८४ लाख ५ हजार डॉलरला गेली, त्यातला हातोडा पडला तो आकडा ४ कोटी ४० लाख, उरलेले ४४ लाख ५ हजार ही घेणाऱ्याची फी. पहिल्या अडीच लाखावर १२ टक्के आणि त्यापुढं १० टक्के असा दर होता. तिथं गाडी डोळ्यांनी बघता येते, हात लावता येतो, आमच्या बजेटच्या माणसाला बघायलाच जायचं ते. पण वीस हजाराच्या गाडीवर १२ टक्के म्हणजे २,४०० होतात, तेव्हा ५ टक्के मला रास्त वाटतात.

सगळ्यात वाईट अनुभव आला तो गाडी आणताना, आणि त्यात साइटचा काही संबंध नाही. एका ट्रान्सपोर्ट ब्रोकरनं ९५० डॉलर सांगितले, बाकीचे १,३०० च्या आसपास सांगत होते. मी स्वस्त घेतला. हे ब्रोकर लोक तुमचं काम कमी भावानं लोडबोर्डवर (ट्रकवाले कामं शोधतात त्या ऑनलाइन यादीवर) टाकतात, त्या भावात ट्रकवाला कुणी उचलत नाही, मग आठवड्यानं फोन येतो की ४०० वाढवा, ट्रक तयार आहे. तोपर्यंत मालकाला मी पैसे दिलेले आणि गाडी त्याच्या दारात उभी, तो चांगला माणूस म्हणून गप्प बसला. बारा दिवस गेले आणि शेवटी १,३५० च लागले. पुढच्या वेळी मी सरळ ट्रकवाल्याशी बोलणार, आणि विमा किती रकमेचा आहे ते आधी लेखी घेणार.

चार वर्षं गाडी काय सुख देऊन गेली ते काय सांगू! सहा हजार आरपीएमनंतर व्हीटेक (व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) लागला की जो आवाज बदलतो त्यासाठी मी रविवारी पहाटे उठून डेलावेअर नदीच्या कडेनं फ्रेंचटाउनपर्यंत जायचे. २०२२ च्या उन्हाळ्यात बाबा आले होते, त्यांनी स्वतः हुड उघडून चालवली, पंचवीस मैल एक शब्द बोलले नाहीत.

मग दुसरं बाळ झालं, आणि गाडीला सीट दोनच. विकायला लावायचे तेव्हा ९९ डॉलर, बाकी विकणाऱ्याकडून काही घेत नाहीत. जास्त पैसे भरून त्यांचा फोटोग्राफर बोलावता येतो, मी फोटो स्वतः काढले, १६० च्या आसपास, जॅकवर उचलून खालूनही. वर्णन साइटवालेच लिहितात, त्यात कौतुकाचा एक शब्द नसतो, दरवाज्यावरचा ओरखडा, बदललेला टेन्शनर, नॉन-ओरिजिनल स्टिरिओ सगळं येतं. पहिल्यांदा वाचून मला वाईटच वाटलं, आपल्या लेकराचे दोष कुणीतरी यादी करून लिहिल्यासारखं. पण घेताना मला हेच हवं होतं ना. अर्ज केल्यापासून लिलाव लागायला पाच आठवडे गेले, घाई असेल तर ही जागा नाही.

तो आठवडा मात्र नोकरीसारखाच समजा. कमेंटमध्ये कुणी कॉम्प्रेशनचे आकडे मागतं, कुणी टायरवरची तारीख. मी गॅरेजमध्ये टेस्ट करून गेजचे फोटो टाकले, चारही सिलिंडर २३० ते २३५ च्या मध्ये, आणि त्याच संध्याकाळी बोली तीन हजारांनी वर गेली. उत्तर द्यायला उशीर केला की लोकांना लगेच शंका येते, काही जणांचा सूर खवचट असतो, पण त्यांनाही नीट उत्तर द्या, कारण तुमचं उत्तर न बोलणारे खरे गिऱ्हाईक वाचत असतात. रिझर्व्ह म्हणजे गुप्त किमान किंमत ठेवता येते, मी ठेवली नाही. रिझर्व्ह नसला की लोक सुरुवातीपासून मनापासून बोली लावतात असा माझा अंदाज, आणि जुन्या विक्रीच्या सगळ्या किमती साइटवर उघड्या आहेत, तेव्हा २४ हजारांच्या खाली जाणार नाही हे दिसत होतं. २६,७५० ला गेली.

घेणारा नॉर्थ कॅरोलायनाचा निवृत्त माणूस, स्वतः विमानानं आला आणि गाडी चालवत घेऊन गेला. पैसे आधी वायरनं (बँक ट्रान्सफरनं), ते खात्यात आलेत हे बँकेला फोन करून विचारलं, मगच टायटलवर (मालकीच्या कागदावर) सही. आणि न्यू जर्सीवाल्यांसाठी खास, प्लेट गाडीबरोबर देऊ नका. काढून एमव्हीसीत (न्यू जर्सीच्या मोटर वाहन खात्यात) जमा करा, पावती घ्या आणि त्यानंतरच विमा बंद करा, उलट्या क्रमानं केलंत तर रजिस्ट्रेशन सस्पेंड झाल्याचं पत्र घरी येतं.