लिमाच्या टॅक्सीत बदललेल्या नोटा

पेरूची राजधानी लिमा येथे एका टॅक्सीचालकाने हातचलाखीने नोटा बदलून आम्हा पती-पत्नीची फसवणूक केली, तिची हकीकत मी सविस्तर लिहीत आहे. इंकांचे प्राचीन शहर माचू पिक्चू पाहायला निघालेल्या बहुतेक भारतीय प्रवाशांना लिमावरूनच पुढे जावे लागते आणि त्यांतले अनेकजण एक-दोन दिवस तेथे थांबतात. शिवाय या फसवणुकीची रीत अशी आहे की फसलेला माणूस खऱ्या चोराचे आभार मानून उतरतो आणि संशय मात्र दुसऱ्याच कोणावर घेतो. म्हणूनच ती आधीपासून माहीत असणे मला फार महत्त्वाचे वाटते.

माचू पिक्चूच्या वाटेवरचे कुस्को शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 3,400 मीटर उंचीवर आहे आणि इतक्या उंचीवर जाण्यास माझ्या पतींना डॉक्टरांनी मनाई केली होती. त्यामुळे आम्ही मुक्काम लिमातच ठेवला होता आणि कसलीही घाई न करता शहर पाहत होतो. मिराफ्लोरेस भागात कड्याच्या काठाने समुद्राकडे पाहत कितीही वेळ चालता येते. हम्बोल्ट या थंड समुद्रप्रवाहामुळे हिवाळ्यात तेथे दिवसेंदिवस करडे मळभ असते, पाऊस असा पडतच नाही, फक्त ‘गारुआ’ नावाची बारीक भुरभुर कपडे ओलसर करून जाते. शाकाहारी माणसाची उपासमार होईल ही आमची भीतीही खोटी ठरली, कारण बटाट्याच्या या मायदेशात लिंबू आणि पिवळी मिरची घालून केलेला ‘काउसा’ मासळीशिवायही सांगून करून घेता येतो. शहर आम्हाला मनापासून आवडले, आणि एका माणसाच्या वागण्यावरून त्याला नावे ठेवावीत असे मला आजही वाटत नाही.

त्या दिवशी सकाळी मिराफ्लोरेसमधल्या एका बँकेच्या आतील एटीएममधून पतींनी पैसे काढले. यंत्रातून शंभर सोलच्या कोऱ्या नोटा आल्या. त्या वेळी एक सोल म्हणजे साधारण बावीस ते पंचवीस रुपये होते, तेव्हा ही नोट तेथील रोजच्या व्यवहारात मोठी समजली जाते आणि दुकानदार ती घ्यायला कुरकुरतात. दिवसभर आम्ही जुन्या शहरात होतो. स्पॅनिश सेनानी पिझारोने 1535 मध्ये वसवलेल्या या शहराचा मुख्य चौक, त्यातले सतराव्या शतकातले कांस्याचे कारंजे आणि सान फ्रान्सिस्को मठाखालची हाडांनी भरलेली तळघरे पाहून होईपर्यंत अंधार पडला. परतण्यासाठी आम्ही रस्त्यावरची टॅक्सी थांबवली. लिमातील टॅक्सीला मीटर नसतो, भाडे बसण्यापूर्वी ठरवावे लागते. त्याप्रमाणे पंचवीस सोल ठरले.

चालक पन्नाशीचा, अदबशीर आणि बोलका होता. भारतातून आलो म्हटल्यावर त्याला आनंद झाला, लिमाला प्रथमच आलात का आणि किती दिवस राहणार, हेही त्याने सहज गप्पांच्या ओघात विचारले. हॉटेलच्या अलीकडच्या कोपऱ्यावर, जिथे रस्त्यावरचा दिवा दूर होता, तिथे त्याने गाडी उभी केली. पतींनी शंभरची नोट पुढे केली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, सुकाणूच्या खाली मांडीजवळ नेऊन बोटांनी चोळली, क्षणभर काचेकडे वळला आणि दुःखी चेहऱ्याने परत देत म्हणाला, “बिलेते फाल्सो, सेन्योर.” नोट खोटी आहे, एवढे स्पॅनिश आम्हाला कळले. पतींनी दुसरी नोट दिली. तिचेही तसेच झाले. “अहो, मशीनमधूनच खोट्या नोटा आल्या की काय?” असे मी घाबरून म्हटले आणि आमचा मराठीतला संवाद न कळताही त्याचा रोख त्याला नेमका समजला असावा, कारण त्याने लगेच बँकांच्या नावाने बोटे मोडायला सुरुवात केली. तिसरी नोट मात्र त्याने खरी म्हणून स्वीकारली, पन्नासची एक, वीसची एक आणि पाचचे नाणे परत दिले, आमची पिशवी स्वतः उतरवून दिली आणि निरोप घेतला.

रात्रभर आम्ही बँकेलाच दोष देत होतो. सकाळी एका संग्रहालयाच्या तिकीटखिडकीवर पन्नासची नोट दिली, तेव्हा तिथल्या तरुणीने ती हातात घेताक्षणीच नाकारली. ही नोट तर यंत्रातली नव्हती, चालकाने दिलेली होती! आम्ही तिला त्या दोन शंभरच्या नोटाही दाखवल्या. तिने त्या शेजारी शेजारी ठेवून क्रमांकावर बोट ठेवले. दोन्ही नोटांवर एकच क्रमांक छापलेला होता. खऱ्या नोटांचे असे कधीच होत नाही. त्यानंतर तिने आमच्या पाकिटातल्या उरलेल्या एटीएमच्या नोटा मागितल्या, त्या सगळ्या अस्सल होत्या आणि त्यांचे क्रमांक ओळीने एकापुढे एक होते. म्हणजे पतींनी दिलेल्या दोन्ही नोटा चालकाने सुकाणूखाली ठेवून घेतल्या होत्या आणि आधीपासून तयार ठेवलेल्या बनावट नोटा आमच्या हातात दिल्या होत्या. एकूण अडीचशे सोलचे नुकसान झाले.

या चोरीचे सारे बळ उलट्या आरोपात आहे, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. पैसे नाकारणारा माणूस आपल्याला लुबाडत असेल, अशी शंका मनात येत नाही. उलट आपल्याच हातून त्याला खोटी नोट दिली गेली म्हणून संकोच वाटतो, आणि परक्या देशात पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने माणूस घाईघाईने पाकीट पुन्हा उघडतो. सज्जन आणि वयस्कर प्रवासी यात अधिक सापडतात, याचा मला विशेष राग आहे.

यावरचा खात्रीचा उपाय त्या तरुणीनेच सांगितला आणि तिथले लोकही तो पाळतात. मोठी नोट देताना तिच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे चालकाला ऐकू जातील असे मोठ्याने वाचावेत. मराठीत वाचले तरी चालतात, कारण आपले लक्ष आहे एवढेच त्याला कळायला हवे. नोट परत आलीच तर पहिल्यांदा आकडे पाहावेत, ते जुळले नाहीत तर दुसरी नोट अजिबात काढू नये आणि शक्य तो दार उघडून हॉटेलच्या किंवा दुकानाच्या उजेडात, माणसांसमोर बोलणे करावे. वाद हमरीतुमरीवर येत असेल तर मात्र पैसे सोडून द्यावेत, जीव महत्त्वाचा. त्याहून बरे म्हणजे शंभरच्या नोटा सुपरमार्केटमध्ये मोडून दहा-वीसच्या करून ठेवाव्यात आणि टॅक्सीत ठरलेले भाडे नेमके द्यावे. सुट्या पैशांना तिथे ‘सेन्सियो’ म्हणतात, आणि एटीएमसमोर उभे असतानाच त्यांची तजवीज मनात असावी. भाडे कार्डातून परस्पर कापले जाते अशी ॲपवरची टॅक्सी मागवली, तर नोटेचा प्रश्नच उरत नाही.

नोट ओळखण्यासाठी पेरूच्या मध्यवर्ती बँकेने लोकांना शिकवलेली पद्धत सोपी आहे: स्पर्श करा, पाहा, तिरकी करा. अस्सल नोटेवरची छपाई बोटाला उंचसखल लागते, उजेडासमोर धरली की जलचिन्हातला चेहरा दिसतो, आणि नोट तिरकी केली की काही खुणांचा रंग बदलतो. प्रवाशाचा गोंधळ होण्याचे आणखी एक कारण असे की शंभरच्या दोन प्रकारच्या नोटा चलनात आहेत, इतिहासकार होर्हे बासाद्रे यांचे चित्र असलेली जुनी आणि अभियंते पेद्रो पाउलेत यांचे चित्र असलेली 2021 पासूनची नवी. दोन्ही चालतात, तेव्हा केवळ चित्र वेगळे आहे म्हणून कोणी नोट खोटी ठरवली तर त्याचे ऐकू नये.

आमच्या तिन्ही बनावट नोटा आम्ही बँकेत नेऊन दिल्या. बँकेने त्या ठेवून घेतल्या आणि पोचपावती दिली, बदली पैसे मात्र मिळत नाहीत, तसा नियमच आहे. खोटी आहे हे कळल्यावर ती नोट दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारणे हा गुन्हा आहे, आणि तो माणूस बहुधा एखादा फेरीवालाच असतो. पर्यटकांसाठीच्या पोलीस विभागात आम्ही तक्रारही नोंदवली. तेथील अधिकाऱ्याने सौजन्याने सारे लिहून घेतले आणि पहिला प्रश्न गाडीच्या क्रमांकाचा विचारला. तिथल्या अनेक टॅक्सींच्या दारांवर तो मोठ्या अक्षरांत रंगवलेला असतो. टॅक्सीत बसण्यापूर्वी त्या दाराचे छायाचित्र चालकाच्या देखत काढावे, असे त्यांनी सांगितले, आणि उरलेल्या मुक्कामात आम्ही प्रत्येक टॅक्सीच्या बाबतीत तसेच केले. एका चालकाने छायाचित्र काढताना पाहून गाडी पुढे नेली, बाकी कोणीही हरकत घेतली नाही.