टाइलच्या बाथरूममध्ये नवा टब: खालची रांग काढायची की सिलिकॉनवर भागवायचं?

टब बदलायचा ठरला की घरात चर्चा होते ती मापाची आणि रंगाची. पाणी झिरपतं ते मात्र बहुतेकदा टब आणि भिंत यांच्या सांध्यातून. म्हणून आधी ठरवा: टाइलची खालची रांग काढून टबाची कड टाइलमागे घ्यायची, की टाइल तशाच ठेवून टब भिंतीला भिडवायचा आणि फट सिलिकॉनने बंद करायची?

टाइलला हात न लावता काम लवकर उरकतं आणि जुन्याशी जुळणाऱ्या टाइल शोधत फिरावं लागत नाही. पण मग सगळी भिस्त सिलिकॉनच्या एका रेषेवर. ती एका कोपऱ्यात जरी सुटली तरी पाणी थेट टबामागे उतरतं आणि बरेच दिवस कळतही नाही. शिवाय नवा टब जुन्यापेक्षा थोडा बुटका निघाला तर वर बोटभर फट उरते. एवढी फट नुसत्या सिलिकॉनने भरू नये. टबाखालचे स्क्रूचे पाय फिरवून टबाची उंची जुळवावी.

रांग काढली की भिंत दिसते, आणि मला हाच मोठा फायदा वाटतो. भिजून भुसभुशीत झालेलं प्लास्टर खरवडून नवं करता येतं, वर वॉटरप्रूफिंगचा हात मारता येतो. नव्या टाइलची खालची धार टबाच्या काठावर आली की ओघळणारं पाणी टबातच पडतं. सिलिकॉन उद्या कुजलं तरी भिंत लगेच भिजत नाही. टाइल टबावर टेकवू मात्र नका. मध्ये तीनेक मिलिमीटर जागा सोडून ती सिलिकॉनने भरा. तिथे ग्राउट (टाइलच्या सांध्यांत भरतात ते मिश्रण) किंवा व्हाइट सिमेंट भरलं तर टब जरा हलताच तडकतं.

टबावर शॉवर असेल तर मी रांग काढायलाच सांगेन. नुसतं पाणी भरून अंघोळ होत असेल आणि भिंत कोरडी असेल तर सिलिकॉन पुरतं. भिंत कोरडी आहे का, हे खालच्या टाइलवर बोटाने टकटक करून पाहा. पोकळ आवाज आला, टाइल दाबल्यावर हलली किंवा ग्राउट नखाने निघालं, तर रांग काढाच.

टब कशाचा, यानेही फरक पडतो. इनॅमलचा पोलादी टब वाकत नाही, त्यामुळे सांधा टिकतो. पण तो हाताला गार लागतो आणि जड वस्तू पडली तर इनॅमलचा टवका उडतो. ॲक्रिलिक हलकं आणि उबदार, पण भाराखाली लवतं. त्याचे सगळे पाय जमिनीला टेकलेले हवेत आणि भिंतीकडच्या काठाखाली पट्टीचा आधार हवा.

सिलिकॉन बुरशीरोधक सॅनिटरीच घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं धातूला गंज चढवू शकतं आणि सिमेंटवर नीट धरत नाही. न्यूट्रल प्रकारचं बरं. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडा, कारण त्यावर नवं चिकटत नाही.

पाइप जोडल्यावर, सिलिकॉन लावण्याआधी टब ओव्हरफ्लोपर्यंत, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याच्या वरच्या भोकापर्यंत भरा. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो; त्या भाराने फट जेवढी उघडते तेवढी उघडू द्या आणि मग ती सिलिकॉनने भरा. सिलिकॉन वाळेपर्यंत, साधारण २४ तास, पाणी तसंच ठेवा. सोडताना टबाखाली टॉर्च मारून ट्रॅपचा (वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपचा) आणि ओव्हरफ्लोचा जोड बघा, मगच पुढची फळी बसवा.