प्रवास आणि खर्चाचे सॉफ्टवेअर : वेर्ण्यातील एका लेखा विभागाचा वापरानंतरचा अनुभव

गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीत असलेल्या आमच्या कारखान्यात औषधांच्या पॅकिंगची यंत्रे तयार होतात आणि ती बसवून देण्यासाठी व पुढे दुरुस्तीसाठी आमचे अभियंते बद्दी, हैदराबाद, अंकलेश्वर, पिथमपूर अशा ठिकाणी सतत फिरत असतात. त्यांचे तिकीट, आगाऊ रक्कम, बिले आणि मंजुरी हे सगळे एकाच ठिकाणी सांभाळणारे सॉफ्टवेअर आम्ही एप्रिल २०२५मध्ये सुरू केले आणि लेखा विभागात ते रोज हाताळण्याचे काम माझ्याकडे आहे. उत्पादनाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण खाली लिहिलेल्या बहुतेक गोष्टी या वर्गातील कोणत्याही सॉफ्टवेअरला विचारून घेण्यासारख्या आहेत.

सर्वांत मोठा फायदा आधी सांगतो. पूर्वी अभियंता दौऱ्यावरून परतला की कोऱ्या कागदावर बिले चिकटवायची, टीए-डीएचा फॉर्म भरायचा, विभागप्रमुखांची सही घ्यायची आणि मग महिनाअखेरच्या पेमेंटची वाट पाहायची, असा क्रम होता. तोपर्यंत दुसरा दौरा सुरू झालेला असे, म्हणजे प्रत्यक्षात नोकरच कंपनीला बिनव्याजी कर्ज देत होता. आता साइटवर असतानाच बिलाचा फोटो चढवला जातो, त्याला मंजुरी मिळते आणि आठवड्याच्या पेमेंटमध्ये पैसे खात्यात जमा होतात. एवढ्या एका गोष्टीसाठी हे सॉफ्टवेअर घेतले असते तरी मी त्याला चूक म्हटले नसते. विक्रीच्या सादरीकरणात मात्र याचा उल्लेख ओझरता होता. सारा भर होता जीएसटीच्या क्रेडिटवर, म्हणजे खरेदीवर भरलेला कर आपल्या देय करातून वजा करून घेण्याच्या सवलतीवर, आणि तिथे गणित दाखवले होते तसे जुळले नाही.

हॉटेलच्या मुक्कामाला पुरवठ्याचे ठिकाण म्हणून हॉटेल ज्या राज्यात आहे तेच राज्य धरले जाते. त्यामुळे हैदराबादच्या हॉटेलने आमचा ३०ने सुरू होणारा गोव्याचा जीएसटी क्रमांक बिलावर घातला, तरी त्यावर कर लागतो तो सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि तेलंगणाचा एसजीएसटी (राज्याचा वाटा), आणि तेलंगणात आमची नोंदणी नसल्याने त्याचे क्रेडिट आम्हाला घेता येत नाही. सॉफ्टवेअरच्या डॅशबोर्डवर मात्र ‘मिळू शकणारे क्रेडिट’ या रकान्यात ती रक्कम मोठ्या दिमाखात झळकत होती आणि व्यवस्थापनाला ती दरमहा खोटी ठरवून दाखवण्याचे काम आमच्या गळ्यात पडले. गोव्यातील मुक्काम, म्हणजे बाहेरून येणारे तज्ज्ञ किंवा लेखापरीक्षक यांच्यासाठी आम्ही घेतलेल्या खोल्या, एवढ्यापुरतेच ते क्रेडिट खरे. २२ सप्टेंबर २०२५पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्यावर तीही रक्कम आकसली. कर कमी झाला हे चांगलेच झाले, पण त्या क्रेडिटच्या जोरावर सॉफ्टवेअरचा खर्च वसूल होईल असे कोणी सांगत असेल, तर तुमचे लोक कोणत्या राज्यात राहतात हे आधी मोजून घ्यावे.

विमानाच्या तिकिटांचे तसे नाही. तिथे नोंदणीकृत ग्राहकाचे ठिकाण धरले जात असल्यामुळे इकॉनॉमी तिकिटावरील ५ टक्के कराचे क्रेडिट गोव्यात बसून मिळते; अट एवढीच की आरक्षणाच्या वेळी जीएसटी क्रमांक टाकलेला असावा आणि विमान कंपनीचे कर बीजक हाती असावे. हे बीजक तिकिटासोबत येतेच असे नाही, बहुधा ते पीएनआर टाकून वेगळे उतरवून घ्यावे लागते आणि पूर्वी नेमके तेच राहून जाई. सॉफ्टवेअर ही बीजके स्वतः गोळा करते, जीएसटीआर-२बीशी, म्हणजे पुरवठादारांनी नोंदवलेल्या बीजकांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या क्रेडिटच्या विवरणाशी ताडून पाहते आणि न जुळणाऱ्यांची यादी देते. आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंतच क्रेडिट घेता येत असल्याने ही यादी आम्हाला सोन्याच्या मोलाची आहे.

तिकिटांच्या दरात मात्र विशेष बचत दिसली नाही. बचत झाली ती तारीख बदलण्यात आणि रद्द करण्यात, कारण कॉर्पोरेट भाड्यात हे शुल्क सौम्य असते आणि आमच्या धंद्यात ग्राहकाची वीजजोडणी किंवा पाया तयार नाही म्हणून दौरा पुढे जाणे हे नित्याचेच. कोकण रेल्वे या व्यवस्थेच्या बाहेर राहिली आहे. जड अवजारांची पेटी घेऊन मुंबईला जाणारा अभियंता विमानाच्या १५ किलोंच्या मर्यादेपेक्षा मडगावहून गाडी पसंत करतो, पण रेल्वेचे तिकीट त्याला बाहेरच काढावे लागते आणि नंतर ‘इतर’ या सदरात हाताने भरावे लागते.

गोव्यातील वाचकांनी एक गोष्ट आवर्जून तपासावी. जानेवारी २०२३मध्ये मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून राज्यात दोन विमानतळ आहेत, पण सॉफ्टवेअरसाठी ‘गोवा’ हे एकच शहर होते आणि ‘सर्वांत स्वस्त तिकीट घ्यावे’ हा आमचाच नियम ते प्रामाणिकपणे पाळत होते. परिणामी वेर्ण्याहून हाकेच्या अंतरावरचे दाबोळी सोडून पेडण्याच्या टोकावरील मोप्याचे तिकीट पुढे येई, दाबोळीचे तिकीट निवडणाऱ्याला नियमभंगाचे कारण लिहावे लागे, आणि मोप्यापर्यंतच्या टॅक्सीचे भाडे तिकिटात वाचलेल्या रकमेला सहज गिळून टाकी. तक्रार नोंदवल्यानंतर बऱ्याच पत्रव्यवहाराने दोन्ही विमानतळ वेगळे झाले आणि कर्मचाऱ्याच्या राहत्या तालुक्यानुसार विमानतळ ठरवण्याची सोय मिळाली. म्हापसा-पेडण्याकडच्या आमच्या सहकाऱ्यांना मोपाच सोयीचे पडते, त्यामुळे सर्वांना एकच नियम लावून चालले नसते.

बिलाचा फोटो वाचून रक्कम आपोआप भरण्याची सोय छापील बिलांवर उत्तम चालते. हाताने लिहिलेल्या पावतीवर ती अडखळते हे समजण्यासारखे आहे, पण देवनागरी आकड्यांवर ती चक्क फसते. इंदूरजवळच्या एका भोजनालयाची १४० रुपयांची पावती ९८० अशी वाचली गेली, कारण देवनागरी १ तिला इंग्रजी नवासारखा आणि ४ हा आठासारखा दिसला. रक्कम जेवणाच्या मर्यादेबाहेर गेल्याने ती पावती थेट संशयितांच्या यादीत गेली आणि बिचाऱ्या अभियंत्याला खुलासा द्यावा लागला. शेवटी लेखापरीक्षकांशी बोलून आम्ही जेवणाची बिले मागणेच थांबवले आणि शहराच्या वर्गानुसार ठरावीक दैनिक भत्ता सुरू केला. जेवणावरच्या जीएसटीचे क्रेडिट कायद्याने तसेही मिळत नाही. मग चहा-पोह्यांच्या पावत्या जमवून कोणाचे भले होत होते, हा प्रश्न खरे तर सॉफ्टवेअर येण्याआधीच विचारायला हवा होता.

स्थानिक वाहतुकीचे दुखणे अजून पुरते बरे झालेले नाही. ओला-उबर गोव्यात नाहीत, टॅक्सीवाला मागितल्यास वहीतली पावती फाडून देतो आणि मोटरसायकल पायलट, म्हणजे भाड्याने दुचाकीवरून नेणारा, तीही देत नाही. खर्चाच्या प्रकारांत ‘अ‍ॅप टॅक्सी’, ‘मेट्रो’ आणि ‘पार्किंग’ होते, पायलट नव्हता. तो आम्ही स्वतः घातला आणि ठरावीक रकमेपर्यंत बिनपावती स्वयंघोषणा मान्य केली. स्वतःच्या गाडीने बेळगावला जाणाऱ्याचे अंतर नकाशा चोर्ला घाटाने मोजतो. पावसाळ्यात रस्ता खचल्यामुळे कोणी अनमोडमार्गे गेला, तर जास्तीचे किलोमीटर आपोआप कापले जातात. यावर अजून हाताने दुरुस्ती हाच उपाय आहे.

मंजुरीबद्दल थोडक्यात सांगायचे तर वेग वाढला, बारकाई घटली. मोबाईलवर एका बोटाने मंजुरी देता येत असल्याने काही विभागप्रमुख बिल न उघडताच पुढे ढकलतात आणि चाळणी लावण्याचे काम पुन्हा आमच्याकडेच येते. त्याची भरपाई म्हणून एकच बिल दोनदा आले तर ते पकडण्याची सोय खरोखर तरबेज आहे. आरक्षणातून आधीच भरलेले खोलीभाडे हॉटेलच्या अंतिम बिलासोबत पुन्हा मागितले गेल्याचे तिने अचूक दाखवून दिले आहे. दहा हजारांवरील रोख खर्चाचा इशारा मात्र तयार मिळत नाही. साइटवर क्रेन किंवा हमालीसाठी रोख द्यावी लागते, आणि एकाच व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांहून अधिक रोख दिली तर प्राप्तिकरात तो खर्च अमान्य होतो, म्हणून हा नियम आम्ही बसवून घेतला.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरबाबत ‘टॅलीशी थेट जोडणी’ या शब्दांवर विसंबून राहू नये. आमच्याकडे सुरुवातीला संपूर्ण दौऱ्याची एकच नोंद उतरत होती. जीएसटीचे लेजर आणि यंत्राच्या ऑर्डर क्रमांकानुसार विभागणी होण्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागले. करार करण्यापूर्वी स्वतःच्या एका खऱ्या दौऱ्याची बिले देऊन टॅलीत काय उतरते ते समोर बसून पाहावे. दर वापरकर्त्यामागे असतो, पण नोंदणीकृत वापरकर्ता आणि त्या महिन्यात खर्च नोंदवणारा वापरकर्ता यांत मोठी तफावत पडते. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे अर्धे लोक क्वचितच बाहेर जातात, दुसरी पद्धतच परवडते.

या क्षेत्रात मालकी वरचेवर बदलते, हेही लक्षात ठेवावे. प्रवास-खर्चाचे सॉफ्टवेअर बनवणारी कॉन्कर २०१४मध्ये सॅप या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने विकत घेतली. याच क्षेत्रातील भारतीय कंपनी हॅपे २०२१मध्ये क्रेड या वित्त-तंत्रज्ञान कंपनीकडे गेली आणि पुढे तिचा खर्च-व्यवस्थापनाचा व्यवसाय मेकमायट्रिपकडे आला. मालक बदलला की दर, मदत कक्ष आणि कधी कधी संपूर्ण रचना बदलू शकते, आणि आपली बिले तर वर्षानुवर्षे जपून ठेवावी लागतात. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी आम्ही दोन अटी घातल्या आहेत : सर्व बिलांचे फोटो आणि मंजुरीचा इतिहास हवा तेव्हा एकगठ्ठा उतरवून घेता यावा, आणि परराज्यातील हॉटेलचा कर ‘मिळू शकणारे क्रेडिट’ या रकान्यातून काढून टाकावा. पहिली अट त्यांनी लेखी मान्य केली आहे. दुसरीवर ‘पुढील आवृत्तीत विचार करू’ असे उत्तर आले आहे, आणि तोवर तो रकाना आम्ही व्यवस्थापनाच्या अहवालातून वगळला आहे.