‘मिलेनियम’ घ्यावा की ‘समर ब्यूटी’? नावांच्या घोळातून वाट काढताना

शिकागो किंवा न्यू जर्सीसारख्या कडक थंडीच्या भागात अंगणात वाफा करणाऱ्या मराठी मंडळींना शोभेच्या कांद्यांचे हे दोन प्रकार रोपवाटिकेत अनेकदा शेजारीशेजारी मांडलेले दिसतात. दोन्हींची उंची सुमारे दीड फूट, दोन्हींचे डेंगळे (दांड्यावरचे फुलांचे गोंडे) गोल आणि दोन्हींवर मधमाश्यांची गर्दी. त्यामुळे निवड बहुधा कुंडीवरच्या चिठ्ठीवरून होते आणि फसगतही तिथेच होते.

‘समर ब्यूटी’चा घोळ अधिक गंभीर आहे. आज तो ॲलियम लुसिटॅनिकम या जातीत धरला जातो (ॲलियम हे कांदा-लसणाच्या गटाचे शास्त्रीय नाव). मात्र टँग्युटिकम, अँग्युलोसम आणि सेनेसेन्स या नावांनीही तो विकला गेला आहे. खरा टँग्युटिकम ही चीनमधली निराळी जात आहे. अँग्युलोसम युरोप आणि सायबेरियातील ओलसर कुरणांत वाढतो, तर लुसिटॅनिकमला कोरडी, खडकाळ जमीन मानवते. त्यामुळे चुकीच्या नावावर विसंबून पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात रोप लावले, तर ते तिथे रमत नाही. शंका आल्यास पात उलटी करून तिच्या पाठीवरून बोट फिरवावे. अँग्युलोसमच्या पातीला मधोमध उभा कणा असतो आणि तो बोटाला स्पष्ट लागतो. लुसिटॅनिकमची पात तिथे सपाट असते.

‘मिलेनियम’ हा मॅसॅच्युसेट्समधील मार्क मॅकडोनो यांनी तयार केलेला संकर असून तो २०१८ साली अमेरिकेत ‘वर्षातील बहुवर्षायू वनस्पती’ ठरला. त्याच्या इंग्रजी नावात ‘एन’ हे अक्षर मधे एकदाच येते, पण विक्रेते सर्रास दोनदा लिहितात. देवनागरीत हा फरक दिसतच नाही, म्हणून मागणी नोंदवताना तो मुद्दाम तपासावा. (शिकागोच्या मिलेनियम पार्कमधील लुरी गार्डनमध्ये मात्र ‘समर ब्यूटी’ लावलेला आहे.)

गडद जांभळट गुलाबी रंग आणि जुलै-ऑगस्टमधील बहर हवा असेल तर माझे मत ‘मिलेनियम’ला आहे. फिकट, शांत रंग आणि थोडा आधीचा बहर हवा असेल, शिवाय वाफ्यात आपोआप रोपे उगवू नयेत असे वाटत असेल, तर ‘समर ब्यूटी’ घ्यावा, कारण तो बी धरत नाही. याच कारणाने त्याच्या नावाचे बियांचे पाकीट कधीही घेऊ नये. ‘मिलेनियम’चे बी रुजले तरी रोप आईसारखेच निघेल याची खात्री नसते. दोन्हींची रोपे गड्डे फोडून केलेलीच घ्यावीत आणि जमल्यास डेंगळे उमललेले असताना, रंग डोळ्यांनी पाहून घ्यावीत.