कार्ड झकास, पंखा भिकार: आरटीएक्स ३०६० १२ जीबीवर लग्नाचं एडिटिंग

या ग्राफिक्स कार्डावर गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम मिळतात ते आकडे सगळीकडे पडलेले आहेत, ते इथे देत नाही. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, पुण्यात नऱ्ह्याला, एसी नसलेल्या खोलीत. मशीन २०२३ च्या दिवाळीत तपकीर गल्लीतून, म्हणजे इथल्या कॉम्प्युटर बाजारातून, जुळवून घेतलं: इंटेलचा आय७ १२७०० प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, एनव्हिडियाचं दोन पंख्यांचं ३०६०. वर रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची स्टुडिओ आवृत्ती, म्हणजे विकतची. दोन लग्नसराया मशीनने कुरकुर न करता काढल्या. तेव्हाच लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

मग पंखा सुरू झाला. सुरू झाला म्हणजे वाजायला लागला. मंगलाष्टकांचा ट्रॅक साफ करत होतो आणि मागे बारीक खरखर येत होती. गुरुजींच्या कॉलर माइकचा दोष समजून फिल्टरवर फिल्टर लावले, हेडफोन काढला, तरी खरखर चालूच. पॅनेल उघडलं तर कार्डाचा डावा पंखा अडखळत फिरत होता, बोटाने ढकलला की धावे, पुन्हा रेंगाळे. तीस हजारांच्या घरातल्या वस्तूला पंखे असे का लावतात हे कुणीतरी मला समजावून सांगावं. साधं स्लीव्ह बेअरिंग, आत तेलाचा अंश, ते उष्णतेने सुकतं. त्यात आमच्याकडे बांधकामांची धूळ. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. हे कार्ड थंड असताना पंखे पूर्ण थांबवतं आणि तापलं की फिरवतं. शांततेसाठी सोय चांगली, पण आमच्या पंख्याची खरी रड त्या प्रत्येक नव्या सुरुवातीलाच ऐकू यायची.

आवाज एकवेळ सोसला असता. एप्रिलमध्ये खोलीच पस्तीस-छत्तीस अंशांवर असते, आणि हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर सोडणारा धातूचा भाग, कितीही मोठा असला तरी आत येणाऱ्या हवेपेक्षा थंड होणार नाही. एक पंखा लंगडा झाल्यावर ७० च्या आसपास राहणारं कार्ड ८३ ला टेकायला लागलं. तिथे ते स्वतःच वेग कमी करतं. जळत नाही, फक्त एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढणं, लांबतं. इकडे नवरीच्या वडिलांचा फोन: "सर, टीझर आज मिळेल ना?"

वॉरंटी तीन वर्षांची, त्यामुळे सर्व्हिस सेंटर गाठलं. कंपनीचं नाव घेत नाही. काउंटरवरचा पहिला प्रश्न: "सर, ओरिजिनल बॉक्स आहे का?" आमच्या घरात माळ्यावर मिक्सरचासुद्धा खोका जपून ठेवतात. मग म्हणे धूळ आहे, धूळ वॉरंटीत बसत नाही. म्हटलं, पुण्यात विकता आणि धूळ वॉरंटीत नाही? नुसता पंखा द्या, चार स्क्रू आहेत, मी लावतो. तर म्हणे पंखा सुटा मिळत नाही, कार्ड पुढे पाठवावं लागेल. स्वतः उघडलं तर स्क्रूवरचं स्टिकर फाटणार आणि वॉरंटी बाद. शेदोनशेच्या पंख्यासाठी आख्खं कार्ड प्रवासाला गेलं.

बऱ्याच दिवसांनी फोन: "दुरुस्त होत नाहीये, बदलून ४०६० देतो. नवीन मॉडेल आहे सर, तुमचा फायदाच आहे." कागदावर खोटं नाही. ४०६० ला ११५ वॉट लागतात, माझ्या कार्डाला १७०. वीज कमी, उष्णता कमी, पंख्यावर ताणही कमी. पण मेमरी ८ जीबी, माझी १२. मेमरीत ये-जा करायची वाटसुद्धा ३०६० ची १९२ बिटची, ४०६० ची १२८. गेम खेळणाऱ्याने डोळे झाकून घ्यावं. माझं काम म्हणजे मंगल कार्यालयातल्या पिवळ्या उजेडात वाढवलेल्या आयएसओचं (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता), दाणे आलेलं ४के फुटेज. त्यावर टेम्पोरल नॉइज रिडक्शन (मागच्यापुढच्या फ्रेम बघून दाणे काढणं) आणि ग्रेडिंगचे, म्हणजे रंगकामाचे, नोड चढवले की टास्क मॅनेजरमध्ये कार्डाची नऊ-साडेनऊ जीबी मेमरी भरलेली दिसते. ८ जीबीवर तिथेच रिझॉल्व्ह 'जीपीयू मेमरी भरली' म्हणून हात वर करतं. जागाच नसेल तर वेगाला काय चाटायचंय? नाही म्हणून कळवलं. समोरून, "सर, सगळे हो म्हणतात."

इथपर्यंतचा मजकूर कार्ड बाहेर असतानाचा आहे. पुढचं आत्ताचं.

कार्डाविना मशीन बंद पडलं नाही, याचं श्रेय १२७०० च्या नावापुढे 'एफ' नसण्याला. दुकानदार अंगभूत ग्राफिक्स नसलेला १२७००एफ गळ्यात मारत होता, हजार-दीड हजार वाचतील म्हणून. कार्ड कधी दुरुस्तीला गेलं तर निदान स्क्रीन दिसावी, एवढ्याच हिशेबाने मी अंगभूत ग्राफिक्सवाला घेतला. खरी गंमत नंतर कळली. आमचा कॅमेरा ४:२:२, १० बिट, एच.२६५ मध्ये, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवून दाबलेल्या फाइलीत, शूट करतो. ते उलगडणारं सर्किट ३०६० मध्ये नाही, ४०६० मध्येही नाही. एनव्हिडियाने ते २०२५ च्या ५० मालिकेत आणलं. इंटेलच्या या अंगभूत ग्राफिक्समध्ये ते आहे. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ते ग्राफिक्स चालू ठेवायचं आणि रिझॉल्व्हच्या डीकोड पर्यायांत क्विक सिंकवर, म्हणजे इंटेलच्या याच सर्किटवर, खूण करायची. नुसत्या त्यावर रंगकाम रखडतं, नॉइज रिडक्शनचं नाव काढू नये. पण प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या नकला, न बनवता कटिंग आरामात झालं.

कार्ड अखेर आलं, तेच, माझंच. 'दुरुस्त होत नाही' ते भांडल्यावर दुरुस्त झालं. डावा पंखा नवा, उजवा जुनाच. आता आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर ठेवलंय, म्हणजे १३६ वॉट. एक्स्पोर्टच्या वेळेत घड्याळ लावून बघावं एवढाच फरक, कारण एन्कोडिंगचं सर्किट कार्डात वेगळं असतं. नॉइज रिडक्शन मात्र थोडं सावकाश चालतं. प्रोसेसरलाही बायोसमधून १२५ वॉटची मर्यादा घातलीय. तो मोकळा सोडला तर १८० वॉटपर्यंत जातो आणि ती गरम हवा कॅबिनेटमध्ये कार्डाच्याच डोक्यावर साचते. प्रोसेसरला पंपाने पाणी फिरवणारा वॉटर कूलर घ्या म्हणून आग्रह झाला होता. माझा एका पंख्याचा टॉवर कूलर पुरतोय. पंखा गेला तर गल्लीत दुसरा मिळतो, पंप गेला तर आख्खा कूलर गेला.

तारे: कार्डाला चार, पंख्याला शून्य, सर्व्हिस सेंटरला द्यायला तारेच नाहीत. वॉरंटी २०२६ च्या दिवाळीत संपते. त्याच आठवड्यात स्टिकर फाडून दोन्ही पंखे बॉल बेअरिंगचे बसवणार आहे. कुणाला या मापाचे कुठे मिळतात माहीत असेल तर सांगा, भाव जरा आधी विचारून.