विंगेतली धडधड: आवरायची की वापरायची?

तिसरी घंटा होते तेव्हा विंगेत बहुतेकांचं सारखंच होतं: तळहात ओले, घसा कोरडा, छातीत धडधड. अशा वेळी सगळे एकच सांगतात, 'शांत हो'. सांगायला सोपं, पाळायला महाकठीण. अॅड्रेनलिन रक्तात उतरल्यावर शरीर हुकमावर थंड होत नाही. उलट 'अजून धडधडतंय' याचीच नवी धास्ती बसते.

दुसरा पर्याय: धडधड राहू दे, फक्त तिला भीती समजू नकोस. 'आता मजा येणार' म्हण. पोरकट वाटतं खरं. पण भीती काय नि उत्साह काय, काळीज दोन्हीकडे जोरातच पळतं. हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाण्याआधी 'मी उत्साहात आहे' असं मोठ्याने म्हणणारे 'मी घाबरलोय' म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त सुरात गायले. भाषणातही 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मी उत्साहात आहे' म्हणणारेच सरस ठरले.

माझा कौल दुसऱ्याला, पण संवाद चोख पाठ असतील तरच. पाठांतर कच्चं असेल तर धडधड खरंच सांगतेय! आणि रात्री झोप उडाली असेल तेव्हा मात्र पहिलाच बरा. तिथे उत्साह घेऊन करायचंय काय?